काजव्यांचे फोटो एकावर एक रचताना : स्क्रीन, लायटन आणि ओपॅसिटी

#१ रानजाई

नमस्कार मंडळी,

पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याला काजवे बघायला गेले होते. घाटघरच्या रस्त्याला एका ऐनाच्या झाडासमोर ट्रायपॉड लावला. चंद्र नव्हता, वाराही पडलेला. कॅमेरा जराही न हलवता लागोपाठ फ्रेम काढत राहिले. २४ मिमी लेन्स, एफ २.८, आयएसओ १६००, प्रत्येक फ्रेम २० सेकंदांची. त्यातल्या ३० निवडल्या आहेत, सगळ्या रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइली). शिवाय अंधार पडायच्या आधी, आभाळात निळा उजेड असताना त्याच जागेवरून झाडाची एक वेगळी फ्रेम घेऊन ठेवली आहे.

आता हे सगळं एकावर एक रचून एक फोटो करायचाय आणि इथेच गाडी अडलीये. एका ऑनलाइन धड्यात प्रत्येक फ्रेम एकेक लेयर (थर) करून सगळ्या लेयर 'स्क्रीन' मोडवर टाकायला सांगितलं होतं. तसं केलं की दहाव्या लेयरपर्यंत आभाळ राखाडी होतं आणि तिसाव्यापर्यंत पांढरंफटक. ओपॅसिटी (लेयर किती ठळक उमटते ते) खाली आणली तर आभाळ सावरतं, पण काजवे विझतात. 'लायटन' लावलं तर काजवे छान येतात, आभाळही बऱ्यापैकी काळं राहतं, पण झूम करून पाहिलं की अंधारात सगळीकडे दाणा. एकट्या फ्रेममध्ये तो इतका नाहीये.

कोणता मोड निवडायचा एवढंच उत्तर नकोय. आत नक्की काय चालतं ते समजून घ्यायचंय, म्हणजे पुढच्या वेळी ड्रॉपडाउनमधले मोड एकेक करून लावून बघत बसावं लागणार नाही. गणित आलं तरी चालेल.

#२ खग्रास

रानजाई, फार चांगला प्रश्न. मी ताऱ्यांच्या रेषा काढतो, तिथेही अगदी हाच पेच येतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक आकडा समजा, ० म्हणजे काळं आणि २५५ म्हणजे पांढरं. (खरं तर लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, पण तूर्त एकच धरू.) ब्लेंड मोड हा फक्त एक नियम आहे : खालच्या लेयरचा आकडा आणि वरच्या लेयरचा आकडा घ्यायचा आणि त्यातून तिसरा काढायचा. ओपॅसिटी त्यानंतर येते. खालच्या आकड्यापासून त्या तिसऱ्या आकड्याकडे किती टक्के अंतर जायचं, ते ओपॅसिटी सांगते. १०० टक्के म्हणजे थेट तिथवर, ५० म्हणजे निम्म्या वाटेवर.

तुमच्या फ्रेममध्ये आभाळ साधारण २० असेल आणि काजवा २२० असेल असं धरू.

लायटनचा नियम एका ओळीचा आहे. दोघांतला मोठा आकडा ठेवा. २० वर २० आला तर २०. २० वर २२० आला तर २२०. संपलं.

स्क्रीनचा नियम असा : दोन्ही आकडे २५५ मधून वजा करा, उत्तरांचा गुणाकार करा, त्याला २५५ ने भागा आणि जे येईल ते पुन्हा २५५ मधून वजा करा. २० वर २२० टाकला तर २३५ गुणिले ३५ भागिले २५५ म्हणजे ३२, आणि उत्तर २२३. काजव्यापुरता लायटन आणि स्क्रीनमध्ये फक्त ३ चा फरक, डोळ्याला कळायचाही नाही. पण आभाळ बघा. २० वर २० टाकला की २३५ गुणिले २३५ भागिले २५५ म्हणजे २१७, आणि उत्तर ३८. दोन फ्रेममध्येच आभाळ जवळपास दुप्पट उजळलं. दहा फ्रेम झाल्या की १४२, तीस झाल्या की २३३. जिथे काहीच घडलं नाही असं आभाळ काजव्याच्या मूळ २२० च्याही वर गेलं. तुमच्या पांढऱ्याफटक आभाळाचं कारण हेच.

आता ओपॅसिटी कमी केल्यावर काजवे का विझतात? स्क्रीन लेयर २० टक्क्यांवर आणली तर आभाळ एका लेयरमागे १८ ऐवजी ३-४ नेच चढतं, हे खरं. पण काजवा २० पासून २२३ पर्यंत जायचा, तो आता त्या वाटेच्या पाचव्या हिश्शावर, ६१ ला थांबतो. ओपॅसिटीला आभाळ कुठलं आणि काजवा कुठला हे माहीत नसतं, ती सगळ्यांना सारखीच मागे ओढते. तुम्हाला हवा आहे तो भेद ओपॅसिटी करू शकत नाही. तो मोडनेच करायला हवा.

म्हणून इथे लायटन. त्याची आणखी एक चांगली बाजू : ओपॅसिटी १०० असताना लेयरचा क्रम कसाही असला तरी उत्तर तेच येतं, कारण तीस आकड्यांतला सर्वांत मोठा आकडा कुठल्याही क्रमाने शोधला तरी तोच. त्यामुळे दहा-दहा लेयरचे गठ्ठे करून, मर्ज करून, मग ते तीन गठ्ठे एकत्र केले तरी काही बिघडत नाही. २४ मेगापिक्सेलची एक लेयर १६ बिटमध्ये साधारण १४४ एमबी खाते. तीस लेयर म्हणजे चार जीबीच्या वर. लॅपटॉप साधा असेल तर गठ्ठे करा. फोटोशॉपच्या पीएसडी फाइलला २ जीबीची मर्यादा आहे, तेव्हा एकत्रच ठेवायचं असेल तर पीएसबी (मोठ्या फाइलींचा प्रकार) म्हणून सेव्ह करा.

मात्र प्रत्येक लेयरची ओपॅसिटी ६०-७० केलीत की हे सगळं मोडतं, मग क्रमाप्रमाणे उत्तर बदलतं. आतल्या लेयर १०० वरच ठेवा.

आता दाणा. आभाळ प्रत्येक फ्रेममध्ये नेमकं २० नसतं. एका फ्रेममध्ये तोच पिक्सेल १४, दुसरीत २३, तिसरीत १९, चौथीत २७. तीस मुलांच्या वर्गातून दर वेळी सर्वांत उंच मुलगाच निवडला तर निवडलेली सगळी मुलं सरासरीपेक्षा उंचच निघणार. लायटन नेमकं तेच करतो. नॉइजमधलं, म्हणजे या चढउतारातलं, शिखर तेवढं उचलतो. त्यामुळे आभाळ २० वरून २८-३० वर जातं आणि दाणेदार होतं.

यावर माझी पद्धत सांगतो. तिसही काजव्यांच्या लेयर एका ग्रुपमध्ये टाका, आत सगळ्या लायटन. मग ग्रुपचा स्वतःचा मोड 'पास थ्रू' असतो तो बदलून तोही लायटन करा. हे महत्त्वाचं आहे, कारण पास थ्रू असेपर्यंत ग्रुपच्या आतली, नुसता उजेड-रंग बदलणारी अ‍ॅडजस्टमेंट लेयर खालच्या झाडालाही लागू होते. आता ग्रुपच्या आत सर्वांत वर लेव्हल्स (कुठल्या आकड्याखाली सगळं काळं धरायचं ते ठरवणारी लेयर) लावा आणि काळा स्लायडर उजवीकडे न्या. आल्ट दाबून ओढलात तर कुठला भाग पूर्ण काळा होतोय ते तिथल्या तिथे दिसतं. दाणा गेला आणि काजवे राहिले की थांबा, बहुधा ३० ते ३५ च्या आसपास. ग्रुपमध्ये आता काळ्या कागदावर फक्त काजवे उरतात. त्याखाली स्वच्छ झाडाची फ्रेम ठेवा. लायटनला ० आवडत नाही, तो नेहमी खालचंच घेतो, त्यामुळे खालचं झाड जसंच्या तसं दिसेल.

#३ भटकी

सुंदर समजावलंत खग्रास. वाचनखूण साठवली. ते २३३ चं गणित कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, बरोबर येतं :)

#४ जांभूळपाडा

मी गिम्प (फोटोशॉपसारखं फुकट सॉफ्टवेअर) वापरतो. २.१० आवृत्ती. माझ्याकडे लायटनच्या नावाचे दोन प्रकार दिसतात, आणि मित्राच्या फोटोशॉपमध्ये ५० टक्के ओपॅसिटीला जे दिसतं ते माझ्याकडे जास्त उजळ दिसतं. आकडे तर तेच. असं का?

#५ मुक्तस्रोत

जांभूळपाडा, तुमचा डोळा चुकत नाहीये. गिम्प २.१० हे २०१८ मध्ये आलं, तेव्हा लेयरचं मिश्रण करायची पद्धत बदलली. त्याआधी ० ते २५५ हे आकडे फाइलमध्ये जसे आहेत तसेच मिसळले जायचे. ते आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात, डोळ्याच्या सोयीने वाकवलेले असतात. २.१० पासून नॉर्मल मोडमध्ये आधी ते प्रत्यक्ष प्रकाशाच्या प्रमाणात आणले जातात, मग मिसळले जातात, मग पुन्हा वाकवले जातात. काळ्यावर पांढरं ५० टक्के ठेवून बघा : जुन्या पद्धतीने १२८ येतं, नव्याने १८८.

जुनं वागणं हवं असेल तर मोडच्या ड्रॉपडाउनशेजारी छोटं बटण आहे, त्याने 'लेगसी' गट उघडतो. फोटोशॉपवरचे धडे बघून काम करत असाल तर तो गट सोयीचा. पण स्वतःचं काम नव्याने करत असाल तर मी नवा गटच ठेवा म्हणेन. दोन दिव्यांचा उजेड एकत्र पडतो तेव्हा जे होतं, त्याच्या तो जवळ जातो.

लायटनच्या बाबतीत १०० टक्क्यांना काही फरक पडत नाही. आकडे वाकवले तरी मोठा तो मोठाच राहतो. फरक ओपॅसिटी खाली आणल्यावर सुरू होतो. 'लायटन ओन्ली' आणि 'ल्युमा लायटन ओन्ली' यांतला फरक कुणी रंगांवर काम करणारं माणूस जास्त चांगला सांगेल.

३.० आवृत्ती २०२५ च्या मार्चमध्ये आली आहे, जमलं तर ती घ्या. तीत फिल्टर लावल्यावर नंतर बदलता येतात. २.१० मध्ये लेव्हल्स एकदा लावली की लागली.

#६ रानजाई

खग्रास, ग्रुपचा मोड बदलायचा हे कुठल्याच धड्यात सांगितलेलं नव्हतं. दाणा जवळजवळ गेला, खूप आभार.

पण आता तीन नव्या गोष्टी दिसताहेत.

एक, संध्याकाळची निळी फ्रेम खाली ठेवली तर काजव्यांचा पिवळा रंग मरगळतो. मूळ फ्रेममध्ये हिरवट पिवळा झळझळीत आहे, इथे फिका, पांढुरका दिसतो.

दोन, अंधारात काही ठिकाणी लाल आणि निळे टोकदार ठिपके आहेत. काजवे नक्की नाहीत. प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी आहेत.

तीन, एका फ्रेममध्ये मागून कुणीतरी टॉर्च मारला, त्यामुळे बुंधा आणि खालचं गवत उजळलंय. त्या फ्रेममध्ये वरच्या फांदीवर काजव्यांची सर्वांत सुंदर माळ आहे. टाकवत नाही.

#७ अल्बमवाला

ताई, मी स्टुडिओत बसून लग्नाचे अल्बम करतो, जंगलातलं फारसं कळत नाही. पण या तिन्ही गोष्टी रोजच्या आहेत, त्यावर बोलू शकतो.

रंगाचं कारण : लायटन मोठा आकडा निवडतो, पण लाल, हिरवा, निळा या तिन्हींत वेगवेगळा. समजा काजवा लाल २००, हिरवा २३०, निळा ४० आहे. खाली संध्याकाळचं आभाळ लाल ४०, हिरवा ६०, निळा ११०. लायटन लाल आणि हिरवा काजव्याचा घेणार, पण निळा आभाळाचा घेणार, कारण ११० हा ४० पेक्षा मोठा. हाती येतं २००, २३०, ११०. पिवळ्यात निळा मिसळला की पिवळा मरतो, हे तर छापखान्यातलं पोरही सांगेल.

त्यासाठी ग्रुपचा मोड लायटनऐवजी 'लायटर कलर' करा. तो तिन्ही मिळून कोण उजळ ते बघतो आणि त्याचा अख्खा रंग घेतो. २००, २३०, ४० जसंच्या तसं येईल. गिम्पवाल्यांचा 'ल्युमा लायटन ओन्ली' याच जातीचा. सावधगिरी एवढीच की हा मोड पिक्सेलमागे एकच बाजू निवडतो, अधलंमधलं काही नाही. त्यामुळे काजव्याच्या भोवतीची मऊ किनार कधीकधी कापल्यासारखी दिसते. शंभर टक्के झूम करून कडा तपासा. किनार वाईट दिसली तर लायटनवर परत या आणि खालच्या फ्रेमचा निळा थोडा उतरवा. मी बहुतेक वेळा दुसरा मार्ग घेतो.

ठिपके : ते हॉट पिक्सेल. सेन्सर तापला की काही पिक्सेल अडकून बसतात. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन ते काढतं, पण प्रत्येक फ्रेमनंतर तेवढाच वेळ डोळे मिटून बसतं, मधले काजवे हुकतात. ते बंद ठेवलंत ते योग्यच. त्याऐवजी सगळं शूट संपल्यावर, कॅमेरा गरम असतानाच, लेन्सवर झाकण लावून त्याच आयएसओला, तेवढ्याच २० सेकंदांची एक फ्रेम काढायची. तीत फक्त हे ठिपके येतात. ती बाकीच्या फ्रेमसारख्याच सेटिंगने रॉमधून उघडायची, ग्रुपच्या आत लेव्हल्सच्या खाली ठेवायची आणि मोड 'सबट्रॅक्ट'. खालच्यातून वरचं वजा. ठिपके गेले. फोटोशॉपमध्ये सबट्रॅक्ट आणि डिव्हाइड हे दोन मोड सीएस ५ पासून आहेत. आता तुमच्याकडे झाकणाची फ्रेम नसेल तर हीलिंग ब्रशने एकेक ठिपका काढण्याला पर्याय नाही, वेळखाऊ आहे पण होतं.

टॉर्च : फ्रेम टाकू नका. त्या लेयरला मास्क (लेयरचा काही भाग लपवणारा पडदा) लावा आणि मऊ कडेच्या ब्रशने मास्कवर बुंधा व गवताची जागा काळी करा, म्हणजे तेवढा भाग लपेल. ब्रशचा फ्लो १०-१५ ठेवून हळूहळू, म्हणजे उजेडाची हद्द दिसणार नाही. वरची माळ राहील. बुंध्यापुढून त्या वीस सेकंदांत काही काजवे गेले असतील तर ते जातील, उरलेल्या एकोणतीस फ्रेम आहेतच.

#८ वर्गमूळ

सगळं वाचलं, एक गोष्ट सुटली असं वाटतं. संध्याकाळची फ्रेम लागतेच असं कुणी सांगितलं? त्याच ३० फ्रेममधून स्वच्छ झाड मिळू शकतं.

लायटन मोठा आकडा निवडतो, म्हणून काजवा टिकतो. सरासरी काढली तर उलटं होतं. एका पिक्सेलवर एका फ्रेममध्ये काजवा आला, २२०, आणि बाकी एकोणतीस फ्रेममध्ये २० आहे. सरासरी २७ येईल. काजवा जवळपास पुसला गेला. आणि नॉइज? तो फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो. चार फ्रेमला निम्मा, सोळा फ्रेमला पाव, तीस फ्रेमला साडेपाचपट कमी. म्हणजे एकाच रात्रीच्या त्याच फ्रेममधून खाली सरासरीचं झाड आणि वर लायटनचे काजवे.

आणि ही सरासरी निव्वळ ओपॅसिटीने काढता येते, मोड नॉर्मलच. खालून पहिली लेयर १००, दुसरी ५०, तिसरी ३३, चौथी २५, पाचवी २०. म्हणजे कितवी लेयर आहे तो आकडा घ्यायचा आणि १०० ला त्याने भागायचं. दुसरी ५० वर ठेवली की पहिल्या दोघींचा हिस्सा सारखा होतो. तिसरी ३३ वर आली की त्या दोघींच्या सरासरीला दोन तृतीयांश आणि तिसरीला एक तृतीयांश, पुन्हा तिघींचा हिस्सा सारखा. पुढे असंच. सगळ्या लेयर ५० वर ठेवल्या तर सर्वांत वरच्या लेयरला निम्मा हिस्सा जातो आणि तळाच्या लेयरला जवळपास काहीच उरत नाही. ही चूक बऱ्याच ठिकाणी दिसते.

अडचण एकच. फोटोशॉपमध्ये ओपॅसिटी पूर्णांकातच देता येते, तिसाव्या लेयरला ३.३३ हवं तिथे ३ घ्यावं लागतं. म्हणून पाच-पाचचे सहा गठ्ठे करा, प्रत्येकाची सरासरी काढून मर्ज करा आणि मग त्या सहांची सरासरी काढा : १००, ५०, ३३, २५, २०, १७. गठ्ठे सारख्या आकाराचे असले की उत्तर बरोबर येतं. काम १६ बिटमध्येच करा, ८ बिटमध्ये आभाळात पट्टे पडतात. ज्यांच्याकडे फोटोशॉप आहे त्यांनी सगळ्या लेयर निवडून स्मार्ट ऑब्जेक्ट (सगळ्या लेयरचं एक गाठोडं) करावा आणि स्टॅक मोडमध्ये 'मीन' घ्यावा, सगळं एका फटक्यात होतं. त्याच यादीत 'मॅक्सिमम' म्हणजे आपला लायटन. टॉर्चची फ्रेम मात्र सरासरीतून वगळा.

एवढं केल्यावर अल्बमवाल्यांनी सांगितलेला रंगाचा प्रश्नही हलका होतो, कारण खाली निळं आभाळ उरतच नाही.

#९ खग्रास

वर्गमूळ, +१. मी सरासरी आकाशगंगेसाठी काढतो, पण काजव्यांना लावायचं सुचलं नव्हतं. वाऱ्याने फांद्या हलल्या असतील तर सरासरीत पानं धूसर होतील तेवढं सांभाळा. रानजाईंच्या रात्री वारा पडलेला होता, त्यांना अडचण येऊ नये.

#१० देवराई

मी अकोले तालुक्यातला. तांत्रिक चर्चा उत्तम चाललीये, मलाही शिकायला मिळालं. पण एक बोलायचं आहे आणि ते याच लेयरशी जोडलेलं आहे.

वीस सेकंदांच्या तीस फ्रेम म्हणजे दहा मिनिटांचा उजेड एका चित्रात. असे फोटो फिरतात आणि लोक ते बघून आमच्याकडे येतात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात. आल्यावर त्यांना झाड फोटोसारखं लखलखलेलं दिसत नाही. मग कुणी टॉर्च मारतं, कुणी गाडीचे दिवे लावून बघतं, कुणी फांदी हलवतं. काजव्याची लुकलुक ही जोडीदाराला दिलेली हाक असते. नर उडताना चमकतात, मादी खालून उत्तर देते. आपला उजेड पडला की ती हाक दिसेनाशी होते. गवतात पाय टाकला तर खाली माद्या असतात, अळ्या असतात. वर्षातले मोजके दिवस त्यांचे आणि त्याच दिवसांत आपण तिथे.

हिरडा, बेहडा, ऐन, जांभूळ या झाडांवर हजारो काजवे एका लयीत उजळतात आणि विझतात, ते प्रत्यक्षात बघणं कुठल्याही फोटोपेक्षा मोठं आहे. म्हणून विनंती : फोटो जरूर करा, पण खाली लिहा की ही एवढ्या फ्रेमची, एवढ्या मिनिटांची रचना आहे. कॅमेऱ्याचा स्क्रीन आणि फोकसचा लाल दिवा बंद ठेवा, फोकस उजेड असतानाच लावून टेपने पक्का करा. वन विभागाचे नियम निघण्याआधी बघून घ्या.

#११ रंगरेषा

देवराई, टॉर्च आणि गवताबद्दल शंभर टक्के सहमत. फोटोबद्दल मात्र थोडं वेगळं वाटतं. एकटी २० सेकंदांची फ्रेमसुद्धा डोळ्याला कधी दिसत नाही. कृष्णधवल फोटो तरी कुठे डोळ्यासारखा असतो? लांब एक्स्पोजर चालतं आणि लायटन मोड चालत नाही, ही रेषा कुठून आली? चित्र करणाऱ्याने अनुभव पोचवावा. उभं राहून दहा मिनिटं बघितलं की मनात जे साठतं, ते त्या साठलेल्या फोटोच्याच जवळचं असतं.

#१२ खग्रास

रंगरेषा, तुमचा मुद्दा मान्य आहे, मोडवर बंदी घालायची गरज नाही. मी माझ्यापुरती रेषा अशी आखतो. एक जागा, एक रात्र, एक कॅमेरा. जो काजवा जिथे चमकला तिथेच राहणार. लेयर सरकवून किंवा उलटी करून काजवे दुप्पट करायचे नाहीत, ब्रशने ठिपके मारायचे नाहीत. नकोसा उजेड मास्कने झाकणं ठीक, नसलेला काजवा आणणं नाही. आणि फ्रेम किती ते लिहायचं. बऱ्याच निसर्ग-छायाचित्र स्पर्धांतही रचना जाहीर करावी लागते, कुठे ती चालतच नाही. पाठवण्याआधी नियम वाचा.

इथे ओपॅसिटी खरी कामाला येते. काजव्यांचा अख्खा ग्रुप १०० वरून ७०-७५ वर आणून बघा. लायटनमध्ये ओपॅसिटी कमी केल्याने खालचं झाड किंवा आभाळ तसूभरही बदलत नाही, फक्त काजवे मंदावतात. २० वरून २२० ला गेलेला काजवा ७० टक्क्यांना १६० वर येतो. झाड पुन्हा झाड दिसायला लागतं. आणि तीस फ्रेम आहेत म्हणून तीसही लावायलाच हव्यात असं नाही. बारा फ्रेमचा फोटो मला अनेकदा जास्त खरा आणि जास्त सुंदर वाटलाय.

#१३ देवराई

खग्रास, हे पटलं. रंगरेषा, तुमचा राग नाही. फ्रेमचा आकडा फोटोखाली आला की माझी तक्रार संपली.

#१४ भटकी

फोनवाल्यांसाठी काही? माझ्या फोनच्या नाइट मोडमध्ये काजवे येतच नाहीत, नुसतं झाड येतं, तेही छान स्वच्छ.

#१५ वर्गमूळ

भटकी, कारण #८ मध्येच आहे. नाइट मोड बहुतेक वेळा बऱ्याच छोट्या फ्रेम घेऊन त्यांची सरासरी काढतो आणि क्षणभर चमकलेला काजवा सरासरीत मरतो. प्रो किंवा मॅन्युअल मोडमध्ये जा, फोन ट्रायपॉडवर ठेवा, शटर जितका लांब देता येईल तितका द्या, टायमर लावा म्हणजे बोटाने हलणार नाही. मग त्या फ्रेम स्नॅपसीडमधल्या 'डबल एक्स्पोजर'मध्ये 'लायटन' वापरून दोन-दोन जोडत जा. तिथेही ओपॅसिटीचा स्लायडर आहे, तो पुरता उजवीकडे नेला तर खालची फ्रेम झाकली जात नाही ना ते बघून घ्या. मोठं काम असेल तर संगणकावर ब्राउझरमध्ये फोटोपी उघडा, फुकट आहे, पीएसडी उघडतं आणि हे सगळे मोड त्यात आहेत.

#१६ अल्बमवाला

एक राहिलं. बरेच जण काजव्यांना झळाळी यावी म्हणून ग्रुपची एकत्र प्रत काढून, गॉशियन ब्लर देऊन, वर स्क्रीन मोडमध्ये ठेवतात. इथे स्क्रीन चालतो, कारण लेव्हल्सनंतर प्रतीतलं आभाळ खरोखर ० झालेलं असतं आणि वरचा आकडा ० असला की स्क्रीन खालच्याला काहीच करत नाही. पण ओपॅसिटी १५-२० च्या वर नेऊ नका. त्याच्या पुढे काजवे सोडून लग्नाच्या मांडवातल्या माळा दिसायला लागतात, आणि त्या मी रोज बघतो.

'लिनिअर डॉज' वापरणाऱ्यांनी ओपॅसिटीऐवजी 'फिल' हलवून बघा. बहुतेक मोडमध्ये दोन्ही एकच काम करतात, पण आठ मोडमध्ये वेगळं, त्यातला हा एक. खाली १००, वर २०० असेल तर बेरीज ३००, ती २५५ ला अडते. ओपॅसिटी ५० केली तर १०० आणि २५५ च्या मध्ये, म्हणजे १७८. फिल ५० केलं तर आधी वरचा २०० निम्मा होऊन १०० होतो, मग बेरीज, म्हणजे २००. फिलने काजव्याचा गाभा जास्त उजळ राहतो.

#१७ रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. वर्गमूळ यांच्या पद्धतीने एकोणतीस फ्रेमच्या सरासरीचं झाड केलं, वर लायटन ग्रुप ७० टक्क्यांवर. संध्याकाळची फ्रेम लागलीच नाही. पानापानाचा तपशील आलाय आणि पिवळा रंग मूळचा आहे. टॉर्चवाल्या फ्रेममधली माळही राहिली.

आता शेवटचा प्रश्न. १२ बाय १८ चा प्रिंट काढायचाय. मोबाइलवर आणि लॅपटॉपवर झाड दिसतं, पण छोटा नमुना छापून पाहिला तर बुंधा आणि आभाळ एकच काळं. सगळं उजळवलं तर काजवे जळतात आणि पानं विचित्र हिरवी होतात.

#१८ अल्बमवाला

ताई, स्क्रीन मागून उजेड टाकतो, कागद टाकत नाही, त्यामुळे अंधारातला तपशील छापताना आधी जातो. असं करा. सरासरीच्या झाडावर, काजव्यांच्या ग्रुपच्या खाली, कर्व्हज लेयर (रेघ वर-खाली ओढून उजेड बदलणारी) घाला. डावीकडचा खालचा भाग थोडा वर उचला, अगदी तळाचं टोक जागेवर ठेवून. मग त्या कर्व्हज लेयरचा मोड 'ल्युमिनॉसिटी' करा. नॉर्मल मोडमध्ये कर्व्ह तिन्ही रंगांना वेगवेगळं ओढते, म्हणून पानं विचित्र होतात. ल्युमिनॉसिटीमध्ये फक्त उजेड बदलतो, रंग खालचाच राहतो. ग्रुपच्या खाली असल्यामुळे काजव्यांना हात लागणार नाही.

किती उचलायचं ते स्क्रीनवर ठरवू नका. कर्व्ह जरा जास्तच उचला आणि त्याच लेयरची ओपॅसिटी २०, ४०, ६०, ८० अशी ठेवून झाडाच्या बुंध्याच्या चार अरुंद पट्ट्या काढा. चारही एकाच कागदावर, ज्या कागदावर मोठा प्रिंट निघणार त्याच कागदावर, छापून घ्या. मॅट कागद काळा आणखी गिळतो, ग्लॉसी कमी गिळतो, म्हणून कागद तोच हवा. पट्ट्या वाळल्यावर, जिथे फोटो लावणार त्याच भिंतीच्या उजेडात बघा आणि जी पट्टी बरी वाटेल ती ओपॅसिटी ठेवा.

#१९ रानजाई

उद्याच पट्ट्या टाकते. कागद ग्लॉसी घेणार आहे. प्रिंट निघाला की कुठली ओपॅसिटी ठेवली ते इथे लिहीन, खाली 'तीस फ्रेम, दहा मिनिटं' असंही छापून घेते.